मे महिन्यात गुहागरला मस्कत का लागतं?

एक मेला जोडून शनिवार-रविवार आला की आमच्या गुहागरच्या घरात माणसं मावत नाहीत. या खेपेला पंधरा जण होतो, आणि पंधरा जणांचं एका गाण्यावर एकमत होईल तर शपथ. ओटीवर काका नाट्यगीतं लावून डोळे मिटून बसलेले. स्वयंपाकघरात आत्याची विविध भारती. ती बंद असली तर तिच्या मते आमटीला चव येत नाही. पोरांच्या कानात बोंडं. पलीकडच्या होमस्टेवर उतरलेल्या मंडळींकडे एक भलामोठा स्पीकर होता, त्यावरची चार गाणी एव्हाना आमच्या गोठ्यातल्या म्हशीलाही पाठ झाली असतील.

शनिवारी संध्याकाळी मोबाइलवाल्यांचं अडलं. अर्धी मुंबई आणि पाऊण पुणं किनाऱ्यावर उतरलेलं, टॉवर मात्र नेहमीचाच. गाणं लावलं की नुसतं चक्र फिरत राहायचं. वैतागून भाच्याने अंगणात फणसाखाली लावलेल्या गाडीत एफएमवर सर्च मारला. आकडे सरसर पुढे गेले, एका ठिकाणी थांबले, आणि खणखणीत आवाजात सुरू झालं ते अरबी गाणं. खरखर नाही, काही नाही.

"पेनड्राइव्ह कोणाचा आहे तो काढ आधी," काका ओटीवरून ओरडले. पेनड्राइव्ह नव्हताच. भाच्याला वाटलं गाडी हॅक झाली. तेवढ्यात शेजारच्या मोहल्ल्यातल्या चाची आंबे द्यायला आल्या होत्या, त्या दारातच थबकल्या. त्यांचा मुलगा गेली काही वर्षं मस्कतला आहे. "हे तिकडचं आहे," त्या म्हणाल्या. "पोराचा फोन येतो तेव्हा मागे हेच चालू असतं."

चाचींचं बरोबर होतं. ओमान, अमिराती, कराची इथली एफएम स्टेशनं आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उन्हाळ्यात अधूनमधून लागतात. गाडी, पेनड्राइव्ह, उपग्रह, कोणाची हेरगिरी यातल्या कशाचाही त्यात हात नसतो. हे काम हवेचं.

आधी नेहमीचा हिशेब

एफएमच्या लाटा साधारणपणे नाकासमोर जातात. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे थोड्या अंतरावर जमीन त्यांच्या खालून वळून निघून जाते आणि लाटा आकाशात सुटतात. किनाऱ्यावर उभं राहून समुद्राकडे पाहिलं तर आपल्याला क्षितिज दिसतं ते जेमतेम पाच किलोमीटरवर. त्यापलीकडे गेलेल्या होडीचं अंग आधी बुडतं आणि मग काठी. एफएमचं प्रक्षेपण उंच मनोऱ्यावरून होतं म्हणून त्याचं क्षितिज जास्त लांब, पण तेही साधारण पन्नास-साठ किलोमीटर. मनोरा डोंगरावर असेल तर आणखी थोडं.

गुहागरहून मस्कत सरळ रेषेत सुमारे १,७०० किलोमीटर. दोन्ही गावांना जोडणारी खरोखरच सरळ रेघ मारायची म्हटली तर ती मधोमध समुद्राच्या पृष्ठभागाखाली पन्नासहून अधिक किलोमीटर खोल जाईल. म्हणजे मध्ये पाण्याचा आणि खडकाचा एवढा मोठा फुगवटा आहे. मनोरा कितीही उंच बांधला तरी त्यावरून डोकावणं शक्य नाही. तेव्हा आपल्या गाडीपर्यंत पोचलेली लाट वाकून आलेली असणार, यात शंका नाही. प्रश्न फक्त एवढाच, की तिला वाकवलं कोणी?

वाळूत एक चाक रुतलं की

पुळणीवर गाडी घालणारे पर्यटक दर सुट्टीला आम्हाला एक प्रयोग फुकटात दाखवतात. डावीकडची दोन चाकं भुसभुशीत वाळूत आणि उजवीकडची घट्ट ओल्या वाळूवर आली की गाडी डावीकडे ओढली जाते. स्टिअरिंग सरळ असलं तरी. कारण सोपं आहे, डावी बाजू हळू चालते आणि उजवी जोरात. (पुढचं दृश्य म्हणजे भरती, दोरखंड आणि गावातला ट्रॅक्टर. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

हवेतल्या रेडिओ लाटेचं तसंच होतं. दमट, गार, दाट हवेत ती किंचित हळू चालते. कोरड्या, गरम, विरळ हवेत किंचित जोरात. किंचित म्हणजे खरोखरच किंचित. पूर्ण पोकळीतला वेग आणि समुद्रालगतच्या दमट हवेतला वेग यांत लाखात पस्तीस-चाळीस भागांचा फरक असतो. पण लाटेला शेकडो किलोमीटर जायचं असतं. खालची बाजू सतत हळू आणि वरची सतत जोरात, असं होत राहिलं तर लाट खाली वाकत राहते.

नेहमीच्या हवेतही ती थोडी वाकतेच, पण पृथ्वीच्या वळणाइतकी नाही. पृथ्वीच्या वळणाइतकी किंवा त्याहून जास्त वाकली, की मग ती आकाशात सुटतच नाही.

पाटाचं पाणी

पोफळीची बाग शिंपताना पाणी उघड्या जमिनीवर सोडलं तर चार पावलांवर जिरून जातं. तेच पाटाने सोडलं तर बागेच्या पार टोकाच्या झाडापर्यंत पोचतं. पाणी वाढलेलं नसतं, फक्त ते पसरत नाही.

उन्हाळ्यात समुद्रावर हवेचा असाच पाट तयार होतो. खाली दमट, तुलनेने गार हवा आणि तिच्यावर झाकणासारखी बसलेली कोरडी, गरम हवा. एरवी वर जावं तशी हवा गार होत जाते. इथे मध्येच उलटं होतं. या उलट्या थराखाली सापडलेली लाट वर निघाली की झाकण तिला खाली वाकवतं, खाली आली की समुद्राचं पाणी तिला परत वर उडवतं. असं करत करत ती चौफेर न पसरता लांबवर जाते. याला तांत्रिक भाषेत ट्रोपोस्फेरिक डक्टिंग म्हणतात. ट्रोपोस्फिअर म्हणजे वातावरणाचा सगळ्यात खालचा थर, ज्यात पाऊसपाणी, ढग, वारे हे सगळं घडतं. डक्ट म्हणजे नळी. हौशी रेडिओवाले नुसतं 'ट्रोपो' म्हणतात. मी आपला पाटच म्हणेन.

पाटालाही मापं असतात. समुद्राच्या अगदी लगत, दहा-वीस मीटर जाडीचा एक पाट बाष्पामुळे जवळजवळ कायमच असतो, पण त्यातून जहाजांच्या रडारच्या बारक्या लाटाच जातात. एफएमची एक लाट साधारण तीन मीटर लांबीची. ती नीट मावायला सुमारे दोनशे मीटर किंवा त्याहून जाड पाट लागतो. कळशी बुडवायला ओढा हवा, पन्हळीत ती मावत नाही. इतका जाड आणि एवढ्या लांबवर सलग पाट रोज मिळत नाही, म्हणून मस्कतही रोज लागत नाही.

मग मे महिन्यातच का?

कारण तेव्हा दोन्ही गोष्टी हाताशी असतात. एप्रिल-मेमध्ये अरबस्तानच्या वाळवंटाकडून कोरडी, तापलेली हवा अरबी समुद्रावर येते. ती हलकी, त्यामुळे समुद्रालगतच्या दमट हवेच्या वर तरंगते. त्यात उंचावरची हवा हळूहळू खाली बसत असते, आणि हवा दाबली की तापते. सायकलचा पंप जोरात मारला की त्याचं बूड चटका देतं, तसं. झाकण आणखी घट्ट बसतं. वारा पडलेला, आकाश नितळ पण क्षितिजावर धुरकट, अंगाला चिकचिक आणि झाडाचं पान हलत नाही, अशी संध्याकाळ आली की आम्ही 'काय हा उकाडा' म्हणतो. रेडिओला मात्र ती मानवते.

जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मोसमी वारे कोकणात आले की सगळं ढवळून निघतं. बाष्प काही किलोमीटर उंचीपर्यंत चढतं, वर-खाली असे वेगळे थर उरतच नाहीत. झाकण उडालं, पाट मोडला. पावसाळा सरल्यावर थर पुन्हा जमायला लागतात, पण आमच्याकडे त्या दिवसांत भातकापणीची गडबड असते, रेडिओ फिरवत कोण बसणार?

हे काही आज कळलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात मुंबईला २०० मेगाहर्ट्झवर चालणारा एक रडार होता. एफएमच्या दुप्पट वारंवारितेचा, पण जातकुळी तीच. त्याचं काम जवळपासची जहाजं-विमानं टिपण्याचं. उन्हाळ्यात मात्र त्याच्या पडद्यावर चक्क अरबस्तानचा किनारा उमटायचा, १,००० ते १,५०० मैलांवरचा, आणि एखाद्या वेळी १,७०० मैलांवरचासुद्धा. म्हणजे लाट इथून निघून तिथल्या डोंगरांवर आपटून परत इथे यायची, जाऊन-येऊन दुप्पट अंतर. त्या मानाने आपल्या गाडीतल्या गाण्याला एकेरीच प्रवास करायचा असतो. रडारशास्त्राच्या अभ्यासात मुंबईचं हे उदाहरण आजही सांगितलं जातं.

"रात्री लांबची स्टेशनं लागतातच की, त्यात नवल काय?"

हा काकांचा आक्षेप. त्यांच्या लहानपणी बुधवारी रात्री आठ वाजता अख्खी आळी रेडिओ सिलोनवरच्या अमीन सयानींसाठी जमायची, आणि सिलोन काही गुहागरच्या वेशीवर नव्हतं. मुद्दा बरोबर, पण ती वाट निराळी.

सिलोन यायचं शॉर्टवेव्हवर. शॉर्टवेव्हच्या लाटा जमिनीपासून शंभर ते तीनचारशे किलोमीटर उंचीवर असलेल्या विद्युतभारित थरावर, म्हणजे आयनोस्फिअरवर, आपटून खाली येतात. मीडियम वेव्हचंही रात्री असंच होतं. दिवसा त्या थराचा खालचा भाग मीडियम वेव्ह गिळून टाकतो, सूर्य मावळला की तो भाग विरतो आणि लांबची स्टेशनं उघडतात. आम्ही रत्नागिरी आकाशवाणी ११४३ किलोहर्ट्झवर ऐकत मोठे झालो. रात्र झाली की तिच्या अंगावर कुठलीतरी परकी भाषा चढायची, ती त्यामुळेच.

एफएमच्या लाटा मात्र एरवी तो वरचा थर आरपार भेदून निघून जातात. त्यांना खाली ठेवायला त्याचा उपयोग नाही. सिलोनची लाट चेंडूसारखी आभाळाला टेकून यायची, मस्कतची लाट आपल्या समुद्रावरून, एखाद्या डोंगराच्या उंचीखालून सरपटत येते. आणि तिला रात्रच लागते असं नाही. भर सकाळीही मी ऐकलेलं आहे.

"पण आपलं स्टेशन गेलं कुठे?"

भाच्याला खरी शंका ही होती. दोन स्टेशनं एकाच आकड्यावर आली तर दोन्ही एकमेकांत मिसळून ऐकू यायला हवीत. मीडियम वेव्हवर तसंच होतं, दोन माणसं एकदम बोलल्यासारखं, वर शिट्टी.

एफएमचा कायदा हर्णैच्या मासळी लिलावासारखा आहे. वाटा ज्याची बोली सगळ्यात चढी त्याचा, आणि पूर्ण त्याचा. दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीला चार मासे मिळत नाहीत. एफएमचा रेडिओ दोनांतला जो सिग्नल ठळकपणे जोरदार, तोच पकडतो आणि दुसऱ्याला जवळजवळ पूर्ण दाबून टाकतो. म्हणून मस्कत लागलं की असं स्वच्छ लागतं, जणू मनोरा व्याडेश्वराच्या देवळामागेच आहे. दोघांची बोली बरोबरीची झाली तर मात्र गंमत. अर्धं मिनिट मराठी शेतीविषयक सल्ला, मग अरबी गाणं, पुन्हा सल्ला. काजूच्या मोहरावर काय फवारायचं ते आम्हाला अजून नीट कळलेलं नाही.

आता कोणी म्हणेल, दोन देशांनी एकच आकडा घ्यावाच कशाला? एफएमला मिळून ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ एवढीच पट्टी आहे, आणि ती इथेही तीच, तिथेही तीच. दीड-दोन हजार किलोमीटरवरच्या स्टेशनाशी एरवी गाठ पडायचं कारणच नसतं, त्यामुळे तेच आकडे पुन्हा वापरता येतात. हवेने पाट काढला की हा हिशेब चुकतो, इतकंच.

कोल्हापूरकरांनी हे वाचून बटण फिरवत बसू नये. समुद्रावरचा पाट सह्याद्रीच्या भिंतीशी अडतो. शिवाय दिवसभर तापलेली जमीन हवा खालून ढवळत राहते. आमच्याकडेही किनाऱ्यालगतच्या घरांना जे मिळतं ते खाडीआड, डोंगराच्या कुशीतल्या वाडीला मिळेलच असं नाही.

मोबाइलचं नेट अडलं, तेही यामुळेच?

शनिवारी संध्याकाळी अडलं ते गर्दीमुळे. टॉवरची क्षमता गावाच्या वस्तीच्या मानाने ठरलेली, आणि एक मेला गावाची वस्ती कितीतरी पट होते. अरुंद रस्त्यावर गणपतीतली वाहतूक, दुसरं काही नाही.

पण पाटाचा मोबाइललाही त्रास होऊ शकतो, हे खरं आहे. काही प्रकारच्या मोबाइल जाळ्यांत टॉवर आणि फोन एकाच वारंवारितेवर पाळीपाळीने बोलतात. आधी टॉवर, मग क्षणभर शांतता, मग फोन. ही शांतता मिलिसेकंदाच्या आतली असते. रेडिओ लाट एका मिलिसेकंदात ३०० किलोमीटर जाते. एरवी लांबच्या टॉवरचा आवाज आपल्यापर्यंत पोचतच नाही, त्यामुळे एवढी शांतता पुष्कळ झाली. पाट पडला की दोन-तीनशे किलोमीटरवरच्या टॉवरचं बोलणं उशिराने इथे येऊन टपकतं, नेमकं इथल्या फोनची पाळी असताना. मग आमचा टॉवर ऐकेल कोणाचं? रेंजच्या काड्या पूर्ण दिसतात आणि नेट मुंगीच्या पावलाने चालतं.

समुद्रावर जाणाऱ्यांना हे आणखी जवळून जाणवतं. ट्रॉलरवरचे व्हीएचएफ सेट एफएमच्या जरा वरच्या पट्टीत चालतात, त्यामुळे अशा दिवसांत फार लांबच्या बोटींची बोलणी कानावर पडू शकतात. बोलणारा जवळ आहे असं समजून चालणं बरं नव्हे.

मस्कतच कशावरून?

गाडीच्या पडद्यावर कधीकधी स्टेशनचं नाव उमटतं, कारण बरीच स्टेशनं गाण्यासोबत नावही पाठवतात. आमच्या वेळी चार रोमन अक्षरं आली आणि गेली. त्याहून भरवशाची खूण आहे घड्याळ. ओमान आणि अमिरातीचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, पाकिस्तानचं अर्धा तास. तेव्हा बातम्यांआधीचे ठोके आपल्या साडेसातला, साडेआठला पडत असतील तर ते स्टेशन भारताबाहेरचं असणार. त्यांच्याकडे तेव्हा पूर्ण तास होतो.

दुसरी खूण चाचींनी सांगितली, आणि ती मला सुचली नव्हती. मे महिन्यात आमच्याकडे सूर्य सातच्या सुमाराला मावळतो आणि मोहल्ल्यातल्या मशिदीत मगरिबची अजान होते. त्या शनिवारी ती होऊन तास उलटून गेला, काळोख पडला, आमची पानं मांडून झाली, आणि सव्वाआठच्या आसपास गाडीतल्या रेडिओवर अजान सुरू झाली. मगरिबचीच. "तिकडे आत्ता सूर्य बुडला," चाची म्हणाल्या. गाडीचं दार उघडं होतं. काकांनी नाट्यगीत बंद केलं.

आणि आपलं त्यांना ऐकू जातं का?

जायला हवं. पाट दोन्ही बाजूंनी सारखाच वाहतो. ज्या वाटेने लाट येते त्या वाटेने जातेही. तिथल्या रेडिओवर त्या आकड्याला जोरदार स्थानिक स्टेशन नसेल, तर आपलं एखादं स्टेशन मस्कतच्या समुद्रकाठी लागू शकतं. पश्चिम किनाऱ्याची कितीतरी माणसं तिकडे कामाला आहेत, त्यांनी हे करून बघायला हरकत नाही.

रविवारी सकाळी मात्र आमच्या हाती वेगळाच पुरावा लागला. सव्वासातला चाची फोन कानाला लावूनच अंगणात आल्या. मुलगा कामावर निघाला होता, गाडीत होता. त्यांनी त्याला त्याच्या गाडीतलं रेडिओ स्टेशन आदल्या रात्रीच्या आकड्यावर लावायला सांगितलं, आणि भाच्याने आमच्या गाडीत तेच लावलं. फोन स्पीकरवर टाकून बॉनेटवर ठेवला. बरोबर साडेसातला, म्हणजे त्यांच्या सहाला, गाडीतून ठोके आले. त्यानंतर, अर्धा सेकंद असेल नसेल, तेच ठोके फोनमधून आले. मग निवेदकाचा आवाज, आधी गाडीतून, मागून फोनमधून. हवेतून आलेल्या लाटेला १,७०० किलोमीटरला सेकंदाचे सहा हजारांश भाग पुरतात. फोनवरचा आवाज आकड्यांत मोडून, कुठल्या कुठल्या यंत्रांतून फिरून, परत जोडून यायचा, त्याला वेळ लागतो.

"अम्मी, तिकडे आधी वाजतंय?" मुलगा फोनमधून विचारत होता.

"हो," चाची म्हणाल्या. "तूच मागे आहेस."

दहाला भाच्याची गाडी पुण्याला निघाली. स्टेशन तसंच लावून ठेवलं होतं. शृंगारतळीच्या अलीकडेपर्यंत ऐकू येत होतं म्हणे, मग एका वळणावर डोंगर आडवा आला आणि काजूच्या मोहराचा सल्ला सुरू झाला.